दाटीत विझणारा उजेड



निमंत्रणपत्रिकेवर माझ्या विषयाचं नाव छापलंय ते असं: ‘घन अवस्थेत प्रकाश देणारे कार्बनचे नॅनोकण’. ते वाचून काही मंडळींनी दाराजवळच्या खुर्च्या धरलेल्या मला इथून दिसतायत. त्यांना माझा शब्द आहे की आज एकही समीकरण येणार नाही. ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते जन्मभर रसायनशास्त्र शिकवत राहिले. म्हणून मी रसायनशास्त्रातलाच, अजून पुरता न सुटलेला एक प्रश्न घेऊन आलोय.

प्रश्न साधा आहे. एक पदार्थ पाण्यात असतो तेव्हा अतिनील दिव्याखाली लख्ख निळा उजळतो. तेच पाणी आटवलं, तळाशी उरलेली भुकटी पुन्हा त्याच दिव्याखाली धरली, तर ती मंद, मळकट दिसते, कधीकधी अगदी विझलेली. पदार्थ तोच. वजन तेवढंच. दिवाही तोच. मग उजेड गेला कुठे? आणि तो जाऊ नये म्हणून काय करायचं?

मी चार टप्प्यांत बोलणार आहे. पहिला, काळा कार्बन उजळतोच कसा. दुसरा, सुकल्यावर तो विझतो का. तिसरा, त्याला विझू न देण्याच्या तीन वाटा. आणि चौथा, याचा उपयोग काय, आणि या क्षेत्रातल्या बातम्यांवर किती विश्वास ठेवावा.

पहिला टप्पा. कार्बन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं काळा रंग येतो. काजळ, कोळसा, पेन्सिलीचं शिसं. हिरा हा अपवाद, पण तो आपल्यापैकी फार थोड्यांच्या परिचयाचा! गेल्या चाळीस वर्षांत या काळ्या मूलद्रव्यानं शास्त्रज्ञांना वारंवार चकित केलंय. 1985 मध्ये चेंडूसारखे फुलरीन सापडले, 1991 मध्ये सुमिओ इजिमा यांनी कार्बनच्या नळ्यांकडे जगाचं लक्ष वेधलं, 2004 मध्ये मँचेस्टरला ग्रॅफाइटचा एक अणू जाडीचा पापुद्रा सुटा झाला. फुलरीनला आणि त्या पापुद्र्याला, म्हणजे ग्राफीनला, नोबेल मिळालं, वर्तमानपत्रांत मथळे आले. त्याच 2004 साली अमेरिकेत साउथ कॅरोलायना विद्यापीठात आणखी एक गोष्ट घडली. तिचा मथळा कुठेही झाला नाही.

तिथं वॉल्टर स्क्रिव्हेन्स यांच्या गटाला कार्बनच्या नळ्या शुद्ध करायच्या होत्या. विजेच्या ठिणगीतून तयार झालेली काजळी घेतली, नायट्रिक आम्लात उकळली, आणि जेलच्या थरातून विजेच्या दाबानं तिचे घटक वेगळे केले. नळ्या वेगळ्या झाल्या. पण त्यांच्यापेक्षा झपाट्यानं पुढं सरकणारा एक पट्टा जेलवर उमटला आणि अतिनील दिव्याखाली तो चमकत होता. हवा होता तो माल बाजूला, आणि टाकाऊ गाळात उजेड! विज्ञानात असं होतं. मात्र गाळाकडे बघायची सवय लागते.

चमकतो म्हणजे काय होतं? पदार्थ डोळ्यांना न दिसणारा अतिनील प्रकाश गिळतो, त्यातली थोडी ऊर्जा आतल्या आत उष्णतेत खर्च होते, आणि उरलेली दिसणाऱ्या रंगाच्या प्रकाशात बाहेर पडते. याला फ्लुओरेसन्स म्हणतात. जॉर्ज स्टोक्स यांनी 1852 मध्ये क्विनाइनच्या द्रावणावर प्रयोग करून याचा पाया घातला. नाटकाच्या रंगमंचावर जांभळट दिवे लागले की पांढरा सदरा निळसर उजळतो, तो धुण्याच्या पावडरीतल्या अशाच द्रव्यांमुळे. तेव्हा ही गोष्ट तुमच्या अंगावरसुद्धा असते.

दोन वर्षांनी, 2006 मध्ये, त्याच साउथ कॅरोलायना राज्यातल्या क्लेमसन विद्यापीठात या-पिंग सुन यांच्या गटानं ग्रॅफाइटवर लेसर मारून कार्बनचे बारीक कण मुद्दाम तयार केले. ते उजळले का? नाही. आम्लात उकळल्यावरही नाही. त्या कणांच्या पृष्ठभागावर पॉलिएथिलीन ग्लायकॉलच्या जातीच्या लांब साखळ्या जोडल्या, तेव्हा कुठं ते उजळले. सुन यांनी त्यांना नाव दिलं ‘कार्बन डॉट्स’. हे कण साधारण दहा नॅनोमीटरपेक्षा लहान असतात. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. एवढ्या लहान कणात गाभा कमी आणि पृष्ठभाग फार. म्हणून अंगावर काय पांघरलंय यावर सगळं ठरतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, तिसऱ्या टप्प्यात लागेल.

मग झुंबडच उडाली. 2007 मध्ये अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात चेंगद माओ यांच्या गटानं मेणबत्तीची काजळी घेऊन रंगीत चमकणारे कण वेगळे काढले. 2009 मध्ये कोलकात्याच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्समधल्या निखिल जाना यांच्या गटानं काजळी नायट्रिक आम्लात उकळून असेच कण केले आणि ते पेशी पाहण्यासाठी वापरले. ही संस्था म्हणजे रामन यांची कर्मभूमी. आणि पाहा, रामन परिणामाची पहिली चाहूल लागली तेव्हा रामन यांच्या गटात तिला काही काळ ‘क्षीण फ्लुओरेसन्स’च म्हणत होते. 1928 मध्ये तो फ्लुओरेसन्स नसून विखुरताना रंग बदललेला वेगळाच प्रकाश असल्याचं सिद्ध झालं आणि 1930 मध्ये नोबेल आलं. उजेड दिसणं एक आणि तो कशाचा आहे ते ओळखणं दुसरं. हेही लक्षात ठेवा.

पुढं काजळीचीही गरज उरली नाही. सायट्रिक आम्ल, म्हणजे आपलं लिंबाचं सत्त्व, आणि युरिया, तोच शेतातला, पाण्यात कालवून काही मिनिटं मायक्रोवेव्हमध्ये तापवला तरी कार्बन डॉट्स मिळू लागले. 2012 मध्ये ओडिशातल्या संशोधकांनी ते संत्र्याच्या रसापासून केले. 2015 मध्ये आयआयटी रुरकीत कोथिंबिरीपासून झाले. तुम्ही हसताय, पण हे रसायनशास्त्र खरं आहे. साखर, सेंद्रिय आम्ल, प्रथिनं, कशातही कार्बन असतोच. बंद भांड्यात पाण्याबरोबर तापवलं की रेणू एकमेकांना जोडले जातात, पाणी बाहेर पडतं आणि कार्बनचे गोळे बांधले जातात. चमकही झपाट्यानं वाढली. मेणबत्तीच्या काजळीतले कण शंभर प्रकाशकण गिळून जेमतेम एक-दोन परत देत होते. 2013 मध्ये चीनमधल्या जिलिन विद्यापीठात बाई यांग यांच्या गटानं सायट्रिक आम्ल आणि एथिलीनडायअमीन यांपासून केलेले कण शंभरातले सुमारे ऐंशी परत देऊ लागले.

शंभरात ऐंशी! मग अडलं कुठं?

हा दुसरा टप्पा. ते ऐंशी होते पाण्यात. बाटलीत. पातळ द्रावणात. आणि आपण काही बाटलीत राहत नाही. घरातला एलईडी दिवा, नोटेवरची शाई, गुन्ह्याच्या जागी ठसे उठवणारी भुकटी, खिडकीच्या काचेवरचा थर, यांतलं काहीच पाण्यात नसतं. व्यवहाराला उजेड घन अवस्थेत हवा. आणि घन अवस्थेत नेमका तो विझतो.

का विझतो? कारण दाटी होते. एरवी पाण्यात एकेक कण आपापल्या जागी तरंगत असतो. प्रकाश गिळला की थोड्या वेळानं, म्हणजे काही नॅनोसेकंदांत, तो स्वतःच तो प्रकाश परत देतो. पाणी उडून गेलं की कण एकमेकांना चिकटतात. त्यांच्या अंगावर हायड्रॉक्सिल, कार्बॉक्सिल, अमीन असे गट असतात. ते हायड्रोजन बंधांनी एकमेकांना घट्ट धरतात. आतले ग्रॅफाइटसारखे सपाट तुकडे पत्त्यांसारखे एकावर एक बसतात. आता एका कणानं प्रकाश गिळला की तो परत देण्याआधीच त्याची ऊर्जा शेजाऱ्याकडे उडी मारते. तिथून पुढच्याकडे, तिथून आणखी पुढं.

असं समजा की आग लागलीय. विहिरीपासून घरापर्यंत माणसं रांगेत उभी आहेत आणि एका बादलीतून दुसऱ्या बादलीत पाणी ओतत पुढं नेतायत. रांगेत शंभरातली एकच बादली फुटकी आहे. पाणी पोचेल का? पहिल्या नव्व्याण्णव जणांचा काय दोष? पण पाणी त्या एका फुटक्या बादलीतून जाणार. भुकटीतही तसंच होतं. लाखो कणांत काही कण सदोष असतातच. सुटे होते तेव्हा ते फक्त स्वतःचा उजेड गमावत होते. दाटीत ते सगळ्यांचा गमावतात. ऊर्जा फिरत फिरत त्या दोषापाशी येते आणि उष्णता होऊन संपते.

ही उडी किती अंतरावर चालते? जर्मन शास्त्रज्ञ थिओडोर फ्यॉर्स्टर यांनी 1940 च्या दशकात याचं गणित मांडलं. समीकरण सांगणार नाही म्हणालोय, पण एक आकडा घ्याच. ही देवाणघेवाण अंतराच्या सहाव्या घातानं कमी होते. अंतर दुप्पट केलं की ती चौसष्टपट मंदावते. म्हणजे दोन कणांमध्ये दोन-चार नॅनोमीटर अधिक जागा ठेवता आली, तर विझणं जवळजवळ थांबतं. याच फ्यॉर्स्टर यांनी 1954 मध्ये कास्पर यांच्याबरोबर पायरीनच्या द्रावणात, सांद्रता वाढवली की उजेडाचं रूप कसं बदलतं आणि मावळतं, ते दाखवलं होतं. पन्नास वर्षांनी कार्बन डॉट्स आले आणि तोच जुना प्रश्न पुन्हा उभा राहिला.

यातून मला आज जे सांगायचंय ते निघतं. उजळणं हा एकट्या कणाचा गुण नाही. कण आणि त्याचे शेजारी, त्यांच्यामधलं अंतर, ही सगळी मिळून उजेड ठरवतात. म्हणून ‘हा पदार्थ किती उजळतो?’ हा प्रश्न अपुरा आहे. ‘कुठं, कशात, किती दाटीत उजळतो?’ असा विचारायला हवा.

आता तिसरा टप्पा, तीन वाटा.

पहिली वाट, कणांना दुसऱ्या कशात तरी विखरून ठेवायचं. चीनमधल्या चांगचुन इथल्या सोंगनान चू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 च्या सुमाराला यासाठी काय वापरलं? स्टार्च! आपल्या सुती साडीची खळ असते ना, तोच पदार्थ. स्टार्चच्या दाण्यांवर हायड्रॉक्सिल गट भरपूर. कार्बन डॉट्स एकमेकांना धरण्याऐवजी स्टार्चला धरतात आणि एकमेकांपासून दूर राहतात. स्टार्च स्वतः तो प्रकाश गिळत नाही, त्यामुळे उजेडाच्या आड येत नाही. त्याआधी याच कणांची त्यांनी शाई केली होती. ती कागदावर उजळते, कारण कागदाचे सेल्युलोजचे तंतू तेच काम करतात. आजवर असे आधार पुष्कळ झाले: पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, सिलिका, ॲक्रिलिक प्लॅस्टिक, अगदी मिठाचे स्फटिकसुद्धा. ही वाट सोपी आणि खात्रीची. तिची मर्यादा अशी की कण थोडेच घालता येतात. जास्त घातले की पुन्हा दाटी, पुन्हा अंधार.

दुसरी वाट, प्रत्येक कणालाच जाड पांघरूण द्यायचं. कणाच्या अंगावर लांब साखळ्या किंवा सिलिकॉनयुक्त गट असे बांधायचे की दोन गाभे कितीही जवळ आले तरी मध्ये जागा राहील. क्लेमसनमधल्या 2006 च्या निबंधात सुन यांच्या गटानं स्पष्ट नोंदवलं होतं की आमचे कण द्रावणात उजळतात आणि घन अवस्थेतही उजळतात. मग पुढं इतकी वर्षं सगळे घन अवस्थेसाठी का झगडत राहिले? मला वाटतं, उत्तर त्या लांब साखळ्यांत आहे. कणाला उजळवण्यासाठी पांघरलेली साखळी अंतर राखण्याचंही काम करत असणार. नंतरचे स्वस्त, सोपे, लिंबाच्या सत्त्वाचे कण आले ते उघडे होते. स्वस्ताईची ही किंमत पडली.

तिसरी वाट मला सगळ्यांत रंजक वाटते. दाटीशी भांडायचं नाही, दाटीकडूनच उजेड काढून घ्यायचा. हे शक्य आहे हे आधी कार्बन डॉट्सबाहेर कळलं. 2001 मध्ये हाँगकाँगला बेन झोंग तांग यांच्या प्रयोगशाळेत सायलोल नावाच्या रेणूंवर काम चालू होतं. त्यांच्या द्रावणाचा थेंब पट्टीवर टाकला की ओला असेपर्यंत चमकत नव्हता आणि सुकला की चमकायचा. सगळ्यांच्या अनुभवाच्या नेमकं उलट! कारण असं की या रेणूंना पंख्याच्या पात्यांसारखे भाग असतात. द्रावणात ते फिरत राहतात आणि ऊर्जा फिरण्यातच संपते. घन अवस्थेत फिरायला जागा उरत नाही, मग ऊर्जेला प्रकाश होऊन बाहेर पडण्यावाचून मार्ग नसतो.

2019 मध्ये चिनी संशोधकांनी हाच विचार कार्बन डॉट्समध्ये आणला. मेलामाइन आणि डायथायोसॅलिसिलिक आम्ल यांपासून त्यांनी पाण्याचा तिटकारा असलेले कण केले. योग्य द्रावकात सुटे असताना हे कण निळे उजळतात. त्यात पाणी ओतलं की ते गोळा होतात आणि लाल उजळतात. आतल्या गाभ्याचा निळा उजेड दाटीनं विझतो. त्याच वेळी पृष्ठभागावर दोन गंधक अणूंच्या बंधाभोवती फिरणारे भाग अडकतात आणि त्यांचा लाल उजेड सुरू होतो. ज्या दाटीनं एक दिवा मालवला, तिनंच दुसरा लावला. पहिल्या दोन वाटा कणांमध्ये अंतर निर्माण करतात. ही तिसरी अंतर नाहीसं झाल्याचा फायदा घेते. एवढ्याशा जागेत निसर्ग असे दोन परस्परविरोधी नियम शेजारी नांदवतो, याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

चौथा टप्पा, उपयोग.

घरातल्या पांढऱ्या एलईडी दिव्याचं कवच कधी काढून पाहिलंत, तर आत पिवळे ठिपके दिसतात. खाली निळी चिप असते. त्या निळ्या चिपेसाठी आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना 2014 चं नोबेल मिळालं. वरचा पिवळा थर यिट्रियम, ॲल्युमिनियम आणि थोड्या सीरियमच्या भुकटीचा. निळा आणि पिवळा मिळून पांढरा. यिट्रियम, सीरियम ही दुर्मीळ मृदा खनिजांतून काढावी लागतात. दुसरा पर्याय क्वांटम डॉट्सचा, म्हणजे अर्धवाहकांच्या चमकणाऱ्या नॅनोकणांचा. त्यांच्यासाठी बावेंडी, ब्रुस आणि एकिमोव्ह यांना 2023 चं नोबेल मिळालं. पण त्यातले सर्वांत मुरलेले क्वांटम डॉट्स कॅडमियमचे, आणि कॅडमियम विषारी. युरोपनं 2006 पासून विजेच्या उपकरणांत त्याचं प्रमाण 0.01 टक्क्यावर रोखलंय. या दोन्हींच्या जागी कार्बनची भुकटी आली तर? म्हणून ही सगळी धडपड.

दुसरा उपयोग बोटांच्या ठशांचा. जगातली पहिली ठसे-नोंदणी कचेरी 1897 मध्ये कोलकात्यात सुरू झाली. तिच्या वर्गीकरणामागं अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांची मेहनत होती, नाव मात्र एडवर्ड हेन्री यांचं झालं. आज इंग्लंडमधल्या सेंट्रल लँकेशायर विद्यापीठातल्या संशोधकांनी सिलिकासारख्या निष्क्रिय भुकटीत थोडे कार्बन डॉट्स घालून ठसे उठवून दाखवलेत. चित्रविचित्र रंगांच्या वेष्टनावर काळी-पांढरी भुकटी हरवून जाते. ही भुकटी मात्र दिव्याचा रंग बदलला की स्वतःचा रंग बदलते. त्यामुळे खालची नक्षी बाजूला पडून ठसा उठून दिसतो.

तिसरा उपयोग बनावट मालाविरुद्ध. आपल्या नोटांचे क्रमांक फ्लुओरेसन्ट शाईनं छापलेले असतात, अतिनील दिव्याखाली ते चमकतात. ती शाई कार्बन डॉट्सची आहे, असं मी म्हणत नाही. पण कोरडेपणी एक रंग आणि थेंब टाकल्यावर दुसरा रंग देणारी शाई नकलाकाराला किती अवघड जाईल, याची कल्पना करा.

आता बातम्यांविषयी. मी या विषयाचा भक्त आहे, पण भाट नाही. तीन सावधगिऱ्या सांगतो.

एक. बाटलीतल्या आकड्याला भुलू नका. ‘ऐंशी टक्के’ असं ऐकलं की विचारा, द्रावणात की भुकटीत?

दोन. टिकतो का, ते विचारा. एलईडीची चिप चांगलीच तापते आणि तासन्‌तास निळा प्रकाश ओतत राहते. यिट्रियमची भुकटी ते वर्षानुवर्षं सहन करते. कार्बन डॉट्सचा उजेड बहुधा तापमान वाढलं की उतरतो आणि सतत प्रकाशात फिका पडत जातो. या कसोटीवर कार्बन अजून पास झालेला नाही.

तीन. उजेड खरोखर कणाचा आहे का, ते विचारा. जिलिनच्या त्या ऐंशी टक्केवाल्या नमुन्याचा त्याच गटानं पुन्हा कसून तपास केला. तेव्हा 2015 मध्ये दिसलं की त्यातला बराचसा निळा उजेड एका लहानशा रेणूचा आहे. तो त्याच भांड्यात कणांबरोबर तयार होतो. आपल्याच गाजलेल्या कामाची अशी उलटतपासणी करायला मनाचा मोठेपणा लागतो. कोथिंबिरीच्या किंवा संत्र्याच्या रसात तर मुळातच शेकडो रेणू असतात. तिथं कण स्वच्छ वेगळे केल्याशिवाय ‘कार्बन डॉट्स चमकले’ असं म्हणणं घाईचं ठरतं. रामन यांच्या काळातला धडा इथंही लागू आहे: उजेड दिसला म्हणजे त्याचा धनी सापडला असं नाही.

आवरतं घेतो. काळ्या कार्बनचे अगदी बारीक कण उजळतात आणि तो उजेड मोठ्या प्रमाणात त्यांच्या पृष्ठभागावर ठरतो. सुकवल्यावर ते विझतात, कारण दाटीत ऊर्जा हातोहात फिरते आणि दोषापाशी गळते. त्यावर तीन उपाय: विखरून ठेवा, पांघरूण द्या, किंवा दाटीलाच कामाला लावा. आणि उपयोगाची दारं उघडी असली, तरी उष्णता, टिकाऊपणा आणि शुद्धता या तीन कुलपांच्या किल्ल्या अजून घडवायच्या आहेत.

सभागृहात महाविद्यालयातले बरेच विद्यार्थी दिसतायत, म्हणून शेवटचं त्यांच्यासाठी. या विषयाची सुरुवात करायला महागडं यंत्र लागत नाही. सायट्रिक आम्ल, युरिया, मायक्रोवेव्ह आणि हातातला अतिनील टॉर्च पुरतो. मात्र शिक्षकांच्या देखरेखीखाली, हवा खेळती असलेल्या खोलीत, आणि घरच्या स्वयंपाकाचा मायक्रोवेव्ह सोडून! नवीन फळाच्या सालीपासून आणखी एक निळी बाटली करू नका, त्या पुष्कळ झाल्यात. बाटली सुकवा. जे विझतं ते का विझलं, याची नीट नोंद करा. दहा वेगवेगळ्या आधारांत घालून पाहा, तापवून पाहा, आठवडाभर उन्हात ठेवून पाहा आणि विझलेल्या नमुन्यांचे आकडेही उजळलेल्यांइतकेच आवर्जून छापा. या क्षेत्राला आज चमकदार नमुन्यांपेक्षा अशा प्रामाणिक वह्यांची गरज जास्त आहे.